निव्वळ घडणावळ

सोनाराच्या पावतीवर जिनसाचे वजन आणि त्या दिवसाचा भाव यांच्याखाली आणखी एक रक्कम लिहिलेली असते, आणि ती म्हणजे घडणावळ. दागिना घेताना ही रक्कम आपण फारशी खळखळ न करता मोजतो. परंतु तोच दागिना काही वर्षांनी अडीअडचणीपायी किंवा मोडून नवा करण्याच्या हौसेने पुन्हा काट्यावर ठेवला जातो, तेव्हा सोने तेवढे तोलले जाते, लाखेची आणि हिणकसाची घट वजा होते, आणि घडणावळ मात्र जणू कधी झालीच नव्हती अशा रीतीने हिशेबातून नाहीशी होते. ज्या कारागिराने ज्योतीवर फुंकणीने फुंकर घालीत रव्याला रवा चिकटविला, त्याच्या डोळ्यांना आणि श्वासाला मोडीच्या बाजारात मोल नाही. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. सोन्याने आपल्या समाजात पेढी, विमा आणि जामीन या तिघांचे काम पिढ्यान्‌पिढ्या एकट्याने केले आहे. जिच्या नावावर ना शेत होते ना घर, अशा स्त्रीला संकटसमयी सावकाराच्या दारात उभे राहण्यापुरती पत त्या पिवळ्या धातूनेच दिली, आणि तारण म्हणून ठेवावयाच्या वस्तूत कलाकुसर किती हे पाहण्याचे सावकाराला कारणही नव्हते. हे सारे मान्य करूनही, अलंकाराच्या मोलाचा विचार मनात आला की हे वजा झालेले कलम माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि घरी बसून, सुताचा दोरा व क्रोशाची आकड्याची सुई एवढ्याच भांडवलावर दागिने करण्याचा व्यवसाय मी अंगीकारल्यापासून तर ते अधिकच हलेनासे झाले आहे. व्यवसाय हा शब्द मी विचारपूर्वक योजते, विरंगुळा म्हणत नाही. माझ्या या जिनसांत घडणावळीवाचून दुसरे काहीच नसते.

कर्णफुलांच्या एका जोडीला जेवढे सूत लागते तेवढे काट्यावर ठेवले तर काटा जेमतेम थरथरेल, आणि बाजारभावाने त्याची किंमत काढू गेल्यास ती थोडक्या रुपयांच्या आतच राहील. ते कोणी गहाण ठेवून घेणार नाही, मोडीत घेणार नाही, आणि भावंडांच्या वाटणीपत्रकातही त्याची नोंद होणार नाही. असे असता त्याला दागिना म्हणावे काय, हा प्रश्न मला प्रदर्शनांतून, लग्नमंडपांतून आणि खुद्द नात्यागोत्यातूनही विचारण्यात आला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मला मराठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला नाही.

मकरसंक्रांतीला नव्या नवरीला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर जे दागिने घातले जातात ते साखरेचे असतात. तिळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर पाकाचा थेंब थेंब सोडीत, मंद आचेवरच्या परातीत तो दाणा बोटांनी हलकेच फिरवीत राहिल्याने त्याच्यावर काटा उभा राहतो. आणि असा काटेरी हलवा दोऱ्यात गाठवून मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, इतकेच काय पण मंगळसूत्रसुद्धा घरातल्या बायका घरातच तयार करीत आल्या आहेत. तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणाला हेच दागिने लहान मापाचे होतात, आणि डोहाळजेवणाला त्यांची जागा मोगऱ्याशेवंतीची फुले घेतात. या अलंकारांचे आयुष्य एका संध्याकाळपुरते असते, त्यांतला एकही पेटीत जपून ठेवता येत नाही, आणि तरीही त्यांना खोटे दागिने म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खोटा तो दागिना, जो पितळेचा असून सोन्याचा आव आणतो. साखर पांढरीच्या पांढरी राहते आणि फूल रात्र पडताच कोमेजते, म्हणजे दोघेही आपल्या जातीला जागतात. क्रोशाचे दागिने मी याच पंक्तीला बसविते. जरीच्या अथवा सोनेरी झाक दिलेल्या दोऱ्याने ठुशीची हुबेहूब नक्कल करण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती मला मनापासून रुचत नाही, आणि तशी मागणी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नम्रपणे नकार देते. सुताला रंग घेण्याची जी शक्ती आहे, जास्वंदीच्या लालापासून निळीच्या गडद छटेपर्यंत कोणताही रंग मुरवून घेण्याची जी तयारी आहे, ती सोन्यापाशी नाही. मग सुताने सोन्याची री का ओढावी?

सोने आणि सूत यांना परस्परांचे प्रतिपक्षी मानणाऱ्यांनी मात्र ठुशी एकदा उलटी करून पाहावी. दर्शनी बाजूस एकमेकांना खेटून बसलेले ते सोन्याचे मणी मागील बाजूस दोऱ्याच्याच विणीने बांधलेले असतात, आणि गळ्याच्या मापाप्रमाणे ती सैल वा घट्ट करण्याची सोयसुद्धा दोऱ्याच्या सरकत्या गाठीनेच झालेली असते. वज्रटीक कापडी पट्टीवर टाचलेली असते. तन्मणीचे खोड कितीही मौल्यवान असले तरी त्याच्या मोत्यांचे सर दोऱ्यावाचून एक क्षण गळ्यात राहणार नाहीत. ही गाठवणावळ करणारा पटवेकरी पूर्वी पेठेत स्वतंत्र दुकान मांडून बसे, आणि रेशमाच्या, सुताच्या व कलाबतूच्या लडी पुढ्यात घेऊन, पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचे एक टोक अडकवून, सोनाराने घडविलेल्या सुट्या मण्यांना गळ्यात घालण्याजोगे रूप देई. दागिना सोनाराच्या नावाने ओळखला गेला, पटवेकऱ्याचे नाव मागे पडले. त्याची वीण झिजली की ती कापून टाकून नवी घालावयाची, असाच रिवाज होता. क्रोशाच्या दागिन्यात ही मागची बाजू पुढे आली आहे, असे म्हणावयास मुळीच हरकत नाही.

या कामाचे साहित्य ओंजळीत मावते. सुई पोलादाची, तिच्या टोकाला एक बारीकसा आकडा. दागिन्यांच्या कामी एक मिलिमीटर जाडीच्या आसपासची सुई मला सर्वांत सोयीची पडते, आणि फार नाजूक कामाला तिच्याहूनही बारीक लागते. दोऱ्याच्या गुंडीवर क्रमांक असतो, आणि नवशिक्यांना प्रथम चमत्कारिक वाटते ते हे की क्रमांक वाढत जातो तसतसा दोरा बारीक होत जातो. दहा नंबरचा दोरा तोरणाला आणि रुमालाला योग्य, वीस व चाळीस नंबरचा दागिन्याला, आणि ऐंशी नंबरचा हाताळावयाचा तर डोळे आणि दिवा दोन्ही उत्तम हवेत. या सुताला जी रेशमासारखी झळाळी असते तिची हकिकत मोठी मनोरंजक आहे. १८४४ च्या सुमारास जॉन मर्सर या लँकेशायरमधील रसायनज्ञाला असे आढळले की कापसाचे सूत दाहक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडविले असता त्याचे तंतू फुगतात, मजबूत होतात आणि रंग अधिक घेतात. पण सूत आखडतेही. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने ते द्रावणात असतानाच ताणून धरण्याची युक्ती योजली आणि झळाळी हाती आली. पिळलेल्या फितीसारखा चपटा असलेला कापसाचा तंतू फुगून गोल व गुळगुळीत होतो, म्हणून प्रकाश त्यावरून एकसारखा परततो. ज्या कापसाला आपण साधेपणाचे प्रतीक मानतो, त्याच्या अंगी ही दीप्ती सुप्तावस्थेत होती, हे वाचल्यापासून माझ्या मनातील सुताविषयीचा आदर दुणावला.

आता प्रत्यक्ष काम. झुमक्याची घुमटी घ्या. डाव्या तर्जनीभोवती दोऱ्याचे सरकते कडे करून त्यात सहा मुके खांब घालावयाचे आणि मग दोऱ्याचे मोकळे टोक ओढावयाचे, म्हणजे ते कडे मिटते आणि मध्ये छिद्र उरत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन दोन घालून त्यांचे बारा करावयाचे, तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवून अठरा, आणि अशा रीतीने फेरीगणिक सहांची भर घालीत गेल्यास चकती सपाट पडते. हे सहाच का, याचे कारण वर्तुळाच्या भूमितीत आहे: त्रिज्या एकाने वाढली की परीघ सहाहून किंचित अधिक वाढतो, आणि मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असल्यामुळे फेरीमागे सहा खांबांची वाढ त्या परिघाला पुरी पडते. वाढ थांबविली की चकती आपोआप वाकू लागते आणि तिची वाटी होते, हाच झुमका. उलटपक्षी वाढ प्रमाणाबाहेर केली तर कडेला जागा पुरत नाही, ती लाटांनी वरखाली होऊ लागते, आणि तिला झालर येते, हीच पाकळी. जी गोष्ट आपल्या घरच्या बायका हाताच्या सवयीने करीत आल्या, तीच १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी हेतुपुरस्सर केली, आणि ज्या अतिवलयी (हायपरबोलिक), म्हणजे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या, प्रतलाची टिकाऊ प्रतिकृती हातात धरता येत नसे ते त्यांनी क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. कानात डुलणाऱ्या झालरीच्या फुलाकडे पाहताना मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवीत नाही.

मण्यांच्या कामात विचार आधी करावा लागतो. दोरा मध्येच तोडावयाचा नसल्यामुळे सर्व मणी विणण्यापूर्वीच त्यात ओवून गुंडीकडे सरकवून ठेवावे लागतात, आणि जो मणी शेवटी बसावयाचा तो सर्वांत आधी ओवावा लागतो. म्हणजे नक्षी उलट्या क्रमाने मनात वाचता आली पाहिजे. मग एकेका टाक्यापाशी एकेक मणी पुढे ओढून घेत, नळीसारखी गोल वीण चढवीत गेले म्हणजे मण्यांचा दोर तयार होतो, आणि त्यात नागमोडी वेल उमटत जाते. हे काम चालले असता मी कोणाशी बोलत नाही. एरवी मुक्या खांबांच्या साध्या फेऱ्या घालताना भाजी शिजते आहे की नाही इकडे लक्ष ठेवता येते, शेजारणीचे सुखदुःख ऐकता येते. मण्यांच्या कामात मात्र मन दुसरीकडे गेले की वेलीचे पान चुकते.

आणखी एक गोष्ट हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते, ती हाताविषयीची. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. एकच सुई, एकच दोरा आणि एकच नमुना दोघींना दिला तरी दोन कर्णफुले सारख्या मापाची होत नाहीत. इतकेच नव्हे, तर एकाच बाईचा हात सकाळी आणि रात्री, निश्चिंतीत आणि काळजीत निराळा पडतो. म्हणून कानांची जोडी शक्यतो एका बैठकीत उरकावी, आणि पहिले फूल झाल्यावर दुसरे उद्यावर टाकू नये. कसबी डोळ्यांना हा हात ओळखता येतो. आमच्या आत्याने विणलेला रुमाल दहा रुमालांत मिसळून ठेवला तरी मी तो काढून देऊ शकते, कारण तिचा खांब किंचित डावीकडे झुकतो आणि साखळीचे घर थोडे लांबट पडते. सोन्यात मुद्रा ठोकावी लागते. इथे ती प्रत्येक टाक्यात आपोआप उमटते.

विणून झालेली वस्तू लुळी असते. तिला अंग यावे म्हणून पूर्वीच्या बायका तांदळाची पेज, आरारूटाची खळ किंवा साखरेचे दाट पाणी वापरीत, आणि शोभेच्या काचेच्या कपाटात ठेवावयाच्या टोपल्या व हंस या साखरपाण्यातच उभे केलेले असत. दागिन्याला साखर चालत नाही. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात ती हवेतले पाणी ओढून घेते, वस्तू चिकट होते आणि मुंग्यांना आमंत्रण जाते. मी पातळ खळच देते, जाड फळीवर कापड अंथरून त्यावर टाचण्यांनी पाकळी न् पाकळी जिथल्या तिथे ताणून बसविते आणि सावलीत वाळू देते. टाचण्या गंजणाऱ्या नसाव्यात.

ही कला आपल्याकडे कोठून आली याचा शोध घेऊ गेले असता मिशनऱ्यांच्या शाळा, गोव्यातील ख्रिस्ती घरे, जोगिणींचे मठ आणि पुढे आपल्याच समाजसुधारकांनी काढलेले स्त्रियांचे उद्योगवर्ग असा प्रवास दिसतो. पण या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला जे उभे आहे ते ऐश्वर्य नव्हे, दुष्काळ आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भीषण दुष्काळ ओढवला, त्यात कॉर्कजवळच्या उर्सुलाईन पंथाच्या जोगिणींनी आणि १८४७ मध्ये क्लोन्स गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिने उपासमारीत सापडलेल्या कुटुंबांना क्रोशाचे काम शिकविले. व्हेनिसच्या सुईच्या लेसला जो अतोनात वेळ लागे, त्याच्या थोड्या अंशात आकड्याच्या सुईने तिच्या तोडीचा देखावा उभा करता येई, आणि श्रीमंत घरांतून त्याला मागणी होती. एका झोपडीत गुलाबच व्हावयाचे, दुसरीत पानेच, तिसरीत द्राक्षे. मग ती सारी एका कापडावर टाचून मधली जागा जाळीने भरीत. पाकळ्यांचे तीन थर असलेला तो आयरिश गुलाब आज आपल्या इकडच्या कर्णफुलांत सर्वांत अधिक दिसतो. तो घालणाऱ्या मुलींना त्याचे मूळ ठाऊक असावे असे मला वाटते, आणि म्हणून प्रत्येक नव्या शिष्येला पहिला गुलाब घालावयास देताना मी ही हकिकत सांगते.

आपल्या घरांत मात्र क्रोशा आला तो झाकण्यासाठी. तिपाई, रेडिओ, उशीचा अभ्रा, पाण्याचा तांब्या, दुधाचे पातेले या सर्वांना जाळीचे वस्त्र मिळाले. तांब्यावरील रुमाल वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेला काचेचे मणी ओवले गेले. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे तोरण मांडलेले असे, आणि वरपक्षाच्या बायका ते उलटून पालटून पाहत, म्हणजे ते तोरण मुलीच्या हाताचे प्रशस्तिपत्रकच होते. जिने हे सारे विणले तिच्या स्वतःच्या अंगावर त्यातला एक टाकाही येत नसे. दोन-तीन पिढ्या वस्तूंना नेसविण्यात खर्ची पडलेली ही जाळी आता विणणारीच्या कानात, गळ्यात आणि मनगटावर आली, यातच मला या छोट्याशा स्थित्यंतराचा खरा अर्थ दिसतो. तुर्कस्तानात हाच प्रकार निराळ्या वाटेने घडला. तेथील बायका डोक्यावरच्या रुमालाच्या कडेला सुईची किंवा क्रोशाची बारीक फुले विणतात, त्यांना ओया म्हणतात, आणि नवऱ्यावर रुष्ट झालेली स्त्री लाल मिरचीची ओया घालून तोंडातून शब्द न काढता घरादाराला ते कळवी असे सांगतात. आज त्याच ओयांचे गळ्यातले हार होतात.

किमतीच्या प्रश्नाला मात्र इतक्या सहजपणे वाट मिळत नाही. प्रदर्शनात मांडलेल्या कर्णफुलांवरची चिठ्ठी वाचून, "अहो ताई, दोऱ्याचेच ना हे? मग एवढे कसे?" असे विचारणारी बाई काही दुष्ट नसते, तिने सोने वजनावर घ्यावयाचे आणि खोटे दागिने डझनावर घ्यावयाचे एवढेच पाहिलेले असते, आणि दोहोंतही वेळ विकत घेण्याची तिला सवय नसते. तिच्याशी मी वाद घालीत नाही. समोर बसवून एक पाकळी विणून दाखविते, आणि मग पुष्कळदा ती बाईच ती चिठ्ठी पुन्हा वाचते. परंतु घाऊक खरेदीला येणारा अडत्या पाकळी पाहावयास थांबत नाही. तो म्हणतो, तुमच्या बायका नाहीतरी घरीच असतात, हे तर फावल्या वेळचे काम. आणि या एका वाक्याने तो आमची घडणावळ, सोनार मोडीच्या वेळी वजा करतो तशी, काम होण्यापूर्वीच वजा करून टाकतो.

हे वाक्य जुने आहे. आंध्रातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली, तिचा व्यापार परदेशापर्यंत पोहोचला, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या स्त्रियांमध्ये राहून केलेला अभ्यास १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्यात जे मांडले आहे ते वाचून मी बराच वेळ सुन्न होते. दिवसाचे कित्येक तास सुई चालविणाऱ्या, जिच्या कमाईवर चूल अवलंबून आहे अशा बाईलाही व्यापाऱ्याच्या वहीत आणि सरकारी दप्तरात कामगार म्हणून स्थान नव्हते. ती गृहिणी होती, आणि तिचे श्रम म्हणजे रिकाम्या वेळेचा सदुपयोग. निर्यातीचा पैसा ज्यांच्या हाती गेला ते पुरुष व्यापारी म्हणून नोंदले गेले. वेळ रिकामा होता असे ज्यांनी म्हटले, त्यांनी तो कधी मोजलेला नव्हता.

माझ्यापुरता मी यावर एक साधा उपाय योजला आहे. प्रत्येक जिनसाबरोबर काम सुरू केल्याची व संपविल्याची वेळ टिपून ठेवावयाची, आणि माझ्याबरोबर हे काम करणाऱ्या आमच्या गटातील सर्वजणींनी तीच रीत पाळावयाची. तालुक्याच्या गावी शिवणकामाला जी मजुरी मिळते तिच्याहून कमी दराने एकही जिन्नस द्यावयाचा नाही, असे आम्ही ठरविले. काही गिऱ्हाइके गेली. हाताने होणारे क्रोशाचे काम तसेच्या तसे करणारे यंत्र कारखान्यांत अद्याप रूढ झालेले नाही. क्रोशाची म्हणून जी यंत्राची लेस कापडबाजारात गजाने मिळते तिची वीण वेगळ्याच जातीची असते. म्हणजे स्वस्तात विकले जाणारे प्रत्येक खरे क्रोशाचे कर्णफूल कोणाच्या तरी हाताने, कोठेतरी, कोणाच्या तरी तासांनी झालेले असते. ही गोष्ट एकदा लक्षात आली की बाजारात अगदी स्वस्त लावलेले सुंदर फूल हातात घेताना आनंद होत नाही.

या दागिन्यांचा एक गुण मला गिऱ्हाइकांनीच शिकविला. आमच्या आळीत एक वृद्ध आजी आहेत. तरुणपणी त्यांनी मोठाल्या बाळ्या वापरल्या, आणि त्यांच्या भाराने त्यांचे कान इतके ओघळले आहेत की कानाच्या पाळीचे छिद्र आता उभ्या चिरेसारखे दिसते. सोन्याच्या कुड्या पेटीत आहेत, पण घालता येत नाहीत. घातल्या तर फिरकीसकट खाली झुकतात. त्यांनी मला एके दिवशी हाक मारून विचारले, "अगं, मला सात मोत्यांच्या कुड्या करून देशील का? दोऱ्याच्या चालतील. पण दोरा दिसता कामा नये हो."

"दोरा दिसणार, आजी," मी म्हटले, "पण चांगला दिसेल."

त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि रंग कुंकवाचा असावा अशी अट घातली.

कुडीची रचना क्रोशाला फार अनुकूल आहे. मध्ये एक मोती आणि भोवती सहा. सारख्या मापाच्या एका गोलाभोवती सहाच गोल नेमके बसतात, आणि मुक्या खांबांचे पहिले कडेही सहांचेच असते. अडचण होती ती मोत्याच्या भोकाची. चाळीस नंबरचा दोरा त्यातून दुहेरी जाईना. म्हणून ऐंशी नंबरचा घेतला, सर्वांत बारीक सुई घेतली, आणि मधला मोती कड्याच्या पोटात बसवून उरलेल्या सहांपैकी एकेक मोती एकेका खांबाच्या डोक्यावर आणून त्याच्या पाठीमागून साखळी फिरविली, जेणेकरून कुंकवाची ती रेघ प्रत्येक दोन मोत्यांच्या मध्ये दिसावी आणि मोती मात्र एकमेकांना टेकून राहावेत. ओघळलेल्या कानासाठी मागील बाजूस आणखी एक रुंद, सपाट, खळ दिलेली चकती केली आणि मळसूत्राची फिरकी तिच्यातून घेतली. त्यामुळे भार छिद्राच्या खालच्या टोकावर न पडता साऱ्या पाळीवर वाटला गेला. भार तरी कसला, मोत्यांचा असेल तेवढाच. आजींनी त्या घालून आरशात पाहिले, मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिले, आणि कान खाली येत नाहीत याची बोटाने खात्री करून घेतली. पैसे त्यांनी किती ते न विचारताच पुढे केले. मी टिपलेले तास सांगितले, मोत्यांचे निराळे सांगितले, आणि त्यांनी घासाघीस न करता तेवढे दिले.

पुढे त्यांच्या सुनेचा निरोप आला. तिला तशीच जोडी हवी होती, पण रंग मोरपंखी, आणि किती तास लागतील ते आधी कळव, म्हणजे तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवते, असे तिने म्हटले होते.